तीन नंबरचा हट्ट

दामू, तुझ्यासाठी रडायला मला अजून सवडच मिळालेली नाही. रागच संपत नाहीये. सकाळी दाढी करताना आरशासमोर मी तुला शिव्या घालतो आणि लता आतून विचारते, "कोणाशी बोलताय हो?" मी म्हणतो, "कोणाशी नाही." तिला माहीत असतं कोणाशी ते. परवा तीच म्हणाली, "असं धुमसत बसण्यापेक्षा काय ते लिहून तरी काढा." म्हणून बसलोय. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे बोलावेत अशी रीत आहे. ती मला आज जमणार नाही, आणि तुलाही ते पचलं नसतं.

तुझ्या विजयचा फोन आला. "रघूकाका, बाबांना गाडीनं उडवलं." कांद्याची पिकअप, मागून आलेली. मी आणि लता गाडी काढून कळवणला पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून जो भेटतो तो एकच वाक्य सांगतो, "हॉर्न वाजवला होता हो त्यानं." पोलीस म्हणाले, हॉर्न वाजवला होता. टपरीवाला म्हणाला, हॉर्न मी इथून ऐकला. आणि तो ड्रायव्हर तर हात जोडून सांगत होता. "लय हॉर्न वाजवला काका. बाबा रस्त्याच्या कडेनं चालले होते, एकदम आत आले. मला वाटलं, ऐकू आलं असंल, सरकतील." त्याला मी काय बोलणार, सांग? तुला हॉर्न ऐकू येत नाही हे त्या बिचाऱ्याला कसं माहीत असणार. मला माहीत होतं. तुला माहीत होतं. आणि पंधरवडाही झाला नव्हता रे, नाशिकला दोन दिवस मी तुझ्यामागे ह्याच एका गोष्टीसाठी हात धुऊन लागलो होतो.

शेंगदाण्याएवढी वस्तू, दामू. कानामागे अडकवायची. माझ्या कानाला आहे ना? मला काय शिंगं फुटली?

आपले कान कसे गेले ते कोणाला सांगायला गेलं की लोक सरसावून बसतात, लढाईची गोष्ट येणार म्हणून. लढाई कसली डोंबलाची! सराव. देवळालीच्या रेंजवर उन्हातान्हात रोजचा सराव. तोपेच्या उजव्या अंगाला मी, नंबर दोन, गोळा आत गेला की मागचं दार लावणारा. डाव्या अंगाला तू, नंबर तीन, दुर्बिणीला डोळा लावून नेम धरणारा. मध्ये तोप. त्यामुळे माझा डावा कान गेला आणि तुझा उजवा. कापसाचे बोळे मिळायचे, पण ते घातले की हुकूम ऐकू यायचा नाही. हुकूम चुकला तर पाटोळे उस्ताद, आपले नंबर एक, सगळ्या रेजिमेंटसमोर आईबापाचा उद्धार करायचे. म्हणून आपण बोळे काढून खिशात घालायचो. काय अक्कल! वीस-बावीस वर्षांची पोरं, ऐकू यावं म्हणून कान उघडे ठेवले आणि त्याच पायी कान घालवून बसलो.

बाहेर पडलं की आपण बाजू बदलायचो. तू माझ्या उजवीकडे, मी तुझ्या डावीकडे, म्हणजे दोघांचे शाबूत कान आतल्या बाजूला. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर, कुठेही. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा लतानं विचारलं होतं, "तुम्ही दोघं सारखं उठून जागा काय बदलता? सोंगट्या खेळताय का?" तिला काय सांगणार? कानाचं कोणालाच सांगायचं नव्हतं. ऐकू येत नाही म्हटलं की मेडिकल कॅटेगरी खाली, कॅटेगरी खाली की बढती गेली, तोपेवरून उचलून कुठेतरी स्टोअरमध्ये बसवणार. त्यात आपल्याकडे आजारी पडणंसुद्धा लाजेचं. सिक रिपोर्ट करणाऱ्याला आख्खी बराक बहाणेबाज म्हणायची.

आणि वर्षाची ती तपासणी! डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे बोलायचे आणि आपण भिंतीकडे तोंड करून, एकेक कान बोटानं बंद करून, ते परत म्हणायचे. भिंतीकडच्या बाकावर पुढचा नंबर असलेला गडी बसलेला असायचा. माझ्या वेळी तिथं बरोबर तू. डॉक्टर "तीन" म्हणाले की तू तीन बोटांनी पोट खाजवायचास. सात असलं की आधी अख्ख्या पंजानं पोट, मग दोन बोटांनी मान. एकदा नऊ आले आणि तू इतकं खाजवलंस की डॉक्टर म्हणाले, "इस जवान को पहले मलम दो." मी हसू दाबता दाबता रडकुंडीला आलो होतो. पण पास झालो. माझी नायब सुभेदारी, माझं पेन्शन, निफाडची बाग सुधारून नाशिकला बांधलेलं हे घर, सगळं तुझ्या त्या खाजवण्यावर उभं आहे, लेका. हे मी तुला कधी तोंडानं म्हटलं नाही. आपल्यात तसलं काही म्हणायची पद्धतच नव्हती.

पुढे घरी आल्यावर तुझा डावा कानही उतरत गेला. पण तू कबूल होशील तर शपथ! उभं आयुष्य दुर्बिणीला डोळा लावलेला तू, डोळ्यांवर तुझा भारी भरवसा. समोरच्याचे ओठ वाचायचास, हात वाचायचास, भुवया वाचायचास. सुमनवहिनी चुलीपाशी बसून जे पुटपुटायच्या ते तुला ओसरीवरून कळायचं, फक्त तोंड तुझ्याकडे असलं पाहिजे. मी मशीनचा विषय काढला की तुझं ठरलेलं, तुमच्याकडच्या अहिराणीत, "माले दिखस ना!" मला दिसतंय ना, मग कशाला पाहिजे कान. मी म्हणायचो, "अरे, पाठीमागचं कसं दिसणार?" तू म्हणायचास, "पाठीमागं माझं काय काम?"

घे. पाठीमागचंच आलं शेवटी.

मेळावा नाशिकला घ्यायचा हा माझाच उपद्व्याप. रेजिमेंटचे पेन्शनर कुठून कुठून येणार, सातारा, सांगली, नगर, बायका-नातवंडांसकट. देवळाली कॅम्प जवळ, बघायला गाव मोठं. त्र्यंबक रोडवर हॉटेल ठरवलं. पण शनिवार-रविवार म्हणजे नाशिक नाशिककरांचं राहतं का? मुंबई-पुण्याच्या गाड्याच गाड्या. कोणाला वाइन प्यायची, कोणाला रामकुंडात पाय बुडवायचे, कोणाला दोन्ही एकाच दिवशी करायचं. त्यात कुंभमेळ्याच्या कामासाठी रस्ते उकरून ठेवलेले. आपली बस गंगापूर रोडला अशी अडकली की पाटोळे उस्ताद खाली उतरून ट्रॅफिक सोडवायला लागले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, आणि मोटरसायकलवाले त्यांना घाबरून खरंच थांबत होते.

तू शुक्रवारी संध्याकाळी आलास तोच तोंड वाकडं करून. "ह्या काय गाद्या का काय? माणूस बुडून मरंल यांच्यात." आणि खाली चादर टाकून झोपलास. सकाळी मिसळ खायला नेलं तर तुझं, "रस्सा गोड हाय." बागेतल्या झोपाळ्यावर शहरातली कोणी मुलगी फोटो काढत होती, तिच्या शेजारी जाऊन उभा काय राहिलास! ती बिचारी "अंकल, जरा बाजूला" म्हणत होती आणि तू तिच्याकडे पाठ करून सूर्यनमस्कार घालतोयस. तिला वाटलं अंकल चक्रम आहेत. तुला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी धावत येऊन तुला ओढला तर माझ्यावरच डाफरलास.

आणि तो नाश्ता! एका टेबलावर तोफखान्याचे आठ म्हातारे. प्रत्येकाचा एकेक कान गेलेला, त्यामुळे प्रत्येक जण ओरडून बोलणार. गायकवाड, आपला नंबर चार, साखर मागत होता तर आख्खं हॉटेल हादरलं. पोहायच्या तलावाकाठची माणसं वळून बघायला लागली. मॅनेजर लगबगीनं आला, "काका, काही भांडण झालंय का? मी मिटवू का?" आपण सगळे त्याच्याकडे बघतोय, त्याचं म्हणणं निम्म्यांना कळलेलंच नाही. उस्ताद म्हणाले, "हां हां, एक चाय और!" त्या दिवशी मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. तू पण. तुझा तो सगळे दात दाखवणारा चेहरा मला आत्ता दिसतोय आणि त्याचाही रागच येतोय.

कारण त्याच सकाळी मी सगळं जमवून ठेवलं होतं. कॅम्पातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात शनिवारी कान तपासतात. तुझं नाव मी आधीच घालून ठेवलं होतं. तुला सांगितलं, "चल, आपली जुनी बराक बघून येऊ." तू गाडीत बसलास. भगूरच्या फाट्यापर्यंत गप्पा मारत होतास. दवाखान्याची पाटी दिसली आणि तुझा चेहरा बदलला. ओठ वाचणाऱ्याला पाटी वाचता येणार नाही होय! म्हणालास, "जरा लघवीला जाऊन येतो." आणि जो गेलास तो गेलास.

मी बाकावर बसलेलो. आतली मुलगी दोनदा बाहेर येऊन तुझं नाव घेऊन गेली. चांगली मुलगी होती. म्हणाली, "काका, येतील ते. पुष्कळ जण असेच पळतात." मग तुझा नंबर गेला आणि मी तुला शोधायला निघालो. पूर्वीच्या सवयीनं स्टेशनवर बघितलं, मग बाजारात. तू एका फरसाणवाल्याच्या दुकानापुढे उभा, हातात पुडी, समोरून रिक्रूटांची तुकडी धावत चाललीय ती बघत, निवांत! माझं डोकंच फिरलं. मी रस्त्याच्या मधोमध ओरडलो, "दाम्या, तू बहिरा झालायस, बहिरा! कबूल कर एकदा!" तू माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलास, "हळू बोल ना रघ्या, लोकं ऐकून राह्यलेत!" सगळा बाजार ऐकत होता. ती पोरं पळता पळता माना वळवून बघायला लागली आणि त्यांच्या उस्तादानं त्यांना वेगळंच झापलं. फरसाणवाला म्हणाला, "काका, आत बसून बोला, पंखा आहे."

आत पंख्याखाली बसलो. मी विचारलं, "नक्की अडचण काय आहे तुझी? फुकट मिळतंय. दुखत नाही. सवय होते." तू पुडीतली शेव वेचत बसलास. मग म्हणालास, "ते कानाला लावलं की माणूस म्हातारा दिसतो." मी म्हटलं, "तू सदुसष्टचा आहेस, कसा दिसायचा विचार आहे?" तू म्हणालास, "तसं नाय रे. रेजिमेंटमधून मी ठणठणीत आलो. कागदावर कुठं बी काही नाय. आता कशाला लावून घेऊ?" घ्या! चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टरला फसवलं आणि त्या फसवण्याचा तुला इतका अभिमान की आता स्वतःलाच फसवून बसला होतास. मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला. असला मूर्खपणा फक्त तोफखान्यातला माणूसच करू जाणे.

संध्याकाळी बडाखान्याला आपण बोललो नाही. म्हणजे तू गायकवाडाशी बोललास, मी उस्तादांशी. जेवायला बसलो तर मात्र नेहमीसारखा माझ्या उजवीकडे येऊन बसलास. भांडण भांडणाच्या जागी, कान कानाच्या जागी. मला वाढलेलं मटण माझ्या ताटातून उचललंस आणि तुझा पापड माझ्याकडे सरकवलास. तेवढ्यावर मी निम्मा विरघळलो, आणि स्वतःवरच चिडलो.

मग रविवार सकाळ. ती मला आठवायची नाही, पण तीच सारखी आठवते.

कॅम्पातल्या त्या लॉनवर शोभेला ठेवलेली जुनी तोप. कर्नलसाहेबांनी परवानगी काढली होती. आधी स्मारकाला फुलं वाहिली, गेलेल्यांची नावं वाचली. मग कोणीतरी म्हणालं, एकेका तोपेच्या गड्यांनी फॉल-इन व्हा, फोटो काढू. आपण तोपेमागे रांगेत उभे राहिलो. पोटं सुटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण उस्तादांनी "सावधान" म्हटल्याबरोबर सगळे ताठ. नातवंडं मोबाइल धरून उभी. आणि उस्तादांनी हुकूम दिला, नंबर बोला. हे तर आपल्या रक्तातलं. झोपेतून उठवलं तरी आपला नंबर तोंडातून निघणार. शेजारच्याचा आकडा संपायच्या आत आपला आला पाहिजे, ढोलकीच्या थापेसारखा.

"एक!" उस्ताद.

"दोन!" मी.

मग काहीच नाही.

रांगेत सगळ्यांनी समोर बघायचं असतं. मान वळवायची नसते. तुला माझे ओठ दिसत नव्हते, पुढे उभ्या उस्तादांची फक्त पाठ दिसत होती. तू ताठ उभा, छाती पुढे, नजर समोर, वाट बघत. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. गायकवाडानं तुला कोपर मारलं तेव्हा तू "तीन!" म्हणून असा ओरडलास की झाडावरचे कावळे उडाले. सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं दामू सोंग करतोय, नेहमीसारखं. तूही लगेच जीभ काढून वेडावाकडा सॅल्यूट ठोकलास. उस्तादसुद्धा हसले. मी नाही हसलो. मी तुझ्या शेजारी होतो. हसण्याच्या आधी तुझा चेहरा कसा झाला होता ते मी एकट्यानं बघितलंय. इतक्या वर्षांत तू एकदाही तुझा नंबर चुकला नव्हतास, दामू. तापात नाही, बर्फात नाही, तुझा बाप वारल्याची तार खिशात होती त्या दिवशीसुद्धा नाही.

गायकवाडाच्या नातीनं तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. तू गेल्यावर मी तो एकदा लावला, आणि "दोन" म्हटल्यानंतर पुढे बघवेना म्हणून बंद केला.

दुपारी तू नीट जेवला नाहीस. मी तुला सीबीएस स्टँडवर सोडायला आलो. कळवणची गाडी लागलेली. वाटेत मी काही बोललो नाही, म्हटलं किती वेळा डोकं फोडायचं. तू खिडकीशी बसलास आणि एकदम बाहेर तोंड काढून विचारलंस, "त्याची बॅटरी किती दिवस चालती रे?" मला वाटलं, चेष्टा करतोयस. मी म्हणालो, "तुला काय करायचंय? तुला तर दिसतंय ना?" तू माझे ओठ बघितलेस आणि हसलास. गाडी हलली. मी हातसुद्धा नीट केला नाही. उन्हाचा, गर्दीचा, तुझा, सगळ्याचा वैताग आला होता. घरी येऊन लताला म्हटलं, "तो दाम्या आता मेला तरी मी त्याला मशीनचं म्हणायचो नाही."

बोलण्यात येतं ते असं. लता म्हणाली होती, "असं बोलू नये." मी म्हटलं होतं, "त्याला काय धाड भरलीय!"

काल तुझं दहावं झालं. गिरणेवर सगळे आले होते. उस्तादांना चालवत नव्हतं तरी आले. कावळा लवकर शिवला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कोणी म्हणालं, "सुखानं गेला, काही इच्छा राहिली नव्हती." मी मनात म्हटलं, ह्याला काय विचारताय, ह्याला हाक तरी ऐकू गेली असेल का? मग तुझ्या घरी आलो. माणसं पांगली. ओसरीवर मी बसलो होतो आणि सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. त्या समोर बसल्या तशी माझी जीभ सैल सुटली. बाईमाणूस दुःखात आहे, पण मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, मळ्यात जायला बांधावरून वाट आहे ना? हा शहाणा भर डांबरी रस्त्यानं, मागं न बघता, कशाला चालला होता सकाळी सकाळी? दोन पावलं कडेला सरकला असता तर..."

वहिनी म्हणाल्या, "मळ्यात नव्हते चालले, भाऊजी."

"मग कुठं?" मी विचारलं.

"स्टँडवर चालले होते. नाशिकची गाडी धरायला. तुमच्याकडंच निघाले होते." त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "मेळाव्यावरून आले तशे गप्पच होते. दोन-चार दिवसांनी मला म्हणाले, माझा नंबर चुकला सुमे. मला काही कळलं नाही, नंबर म्हंजे काय. मग त्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणाले, कॅम्पात जाऊन मशीन घेतो. मी म्हटलं, इजय सोडील नाशिकपर्यंत, नायतर भाऊजींना फोन लावते, ते न्यायला येतील. तर म्हणाले, रघ्याला सांगशील तर बघ. एकदम त्याच्या दारात जाऊन उभा राहतो कानाला लावून, आन् त्याचं तोंड कसं होतं ते बघतो."

विजय मागे उभा होता, तो घरात निघून गेला.

दामू, आता मी काय करू, ते सांग. दहा दिवस माझ्याजवळ राग तरी होता. तू हट्टी होतास, मूर्ख होतास, मी सांगितलेलं तुला पटलं नाही म्हणून तू गेलास, असं म्हणून मी जेवत होतो, झोपत होतो. आता कळलं की तुला पटलं होतं. मीच सांगितलेल्या कामाला तू निघाला होतास, इस्त्रीचा शर्ट घालून, माझं तोंड बघायला. मी गाडी घेऊन आलो असतो रे. दार उघडून तुला आत बसवला असता, माझ्या शेजारी. एक शब्द चेष्टेचा बोललो नसतो. बरं, बोललो असतो. पण आलो असतो.

आयुष्यभर तुझ्या हट्टावर मी जळफळलो. नाही म्हणालास तर नाहीच, तुझ्या बापाला तू बधला नाहीस, कर्नलला बधला नाहीस, माझ्यापुढे तर कधीच नाही. आणि सोडून सोडून तो हट्ट त्या सकाळी सोडलास! अजून एक दिवस ताणून धरायचास की. बसायचंस ओसरीवर, वहिनींवर ओरडत, मला शिव्या देत. मी आणखी दहा वर्षं तुझ्याशी भांडायला तयार होतो.